आबांना विचारा

२०२२ साल होतं आणि मी अडुसष्ट वर्षांचा होतो. हे आधारकार्डावरचं वय. खरं वय आईला ठाऊक होतं, पण तिनं फक्त पोळ्याच्या आगेमागे जन्मलास एवढंच सांगितलं, साल काही सांगितलं नाही. शाळेत मी चौथीत दोनदा बसलो आणि तिसऱ्यांदा बसायला नको म्हणून गाव सोडलं. माझं अक्षर मोठं आहे, वहीच्या एका ओळीत चार शब्द बसतात. तरी हे मी स्वतःच लिहिणार. दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या कागदानं काय होतं ते मी पाहिलंय.

चाळीस वर्षं मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी होतो. पाठीवर, खांद्यावर, हुकावर, जसं जमेल तसं लोखंड चढवलं आणि उतरवलं. शेवटची बारा वर्षं टोळीचा मुकादम. गाडी भरली असं मी म्हणलो की व्यापारी मोजायला उठत नसे. मी ताठ माणूस आहे. कुणापुढं वाकलो नाही, आणि वाकलो असतो तर दोन कामं सोपी झाली असती हेही मला कळतं.

कोपरखैरण्याला आमचं बैठं घर आहे, माथाड्यांना मिळालेलं. त्यावर आम्ही एक मजला चढवला. खाली मी आणि म्हातारी, वर मुलगा आणि सून. मुलगा एकुलता एक, यार्डातून ट्रेलर चालवायचा. गाडीवर त्याचा हात चांगला, पण बाटली लागली. सून बारावी शिकलेली, तुर्भ्याला एका कारखान्यात पॅकिंगला जायची. तो तिला मारायचा. पहिल्या दोन वेळा मी वर जाऊन त्याच्या कानाखाली दिली. नंतर वरून आवाज आला की टीव्हीचा आवाज वाढवायला लागलो. हे लिहिताना पेन जड होतं, पण लिहिलं नाही तर पुढचं कळणार नाही.

नात पाच वर्षांची असताना सून निघून गेली, सानपाड्याला भावाकडं. तिला सुटका हवी होती आणि मला नात हवी होती. मी बैठक बसवली. तिचा भाऊ आला, माझे दोन चुलतभाऊ आले, आणि गल्लीतला एक रिटायर कारकून आला, जो सगळ्यांचे अर्ज लिहितो. त्यानं स्टॅम्प पेपरवर लिहिलं की मी माझी मुलगी राजीखुशीनं सासऱ्यांच्या ताब्यात देत आहे, यापुढे तिच्यावर माझा कोणताही हक्क राहणार नाही, महिन्यातून एकदा भेटेन. सुनेनं सही केली. न वाचता केली, कारण तिचा भाऊ घड्याळ बघत होता. नोटरीचा लाल शिक्का बसला. तिथनं मी सरळ झेरॉक्सच्या दुकानात गेलो आणि कागदाला प्लॅस्टिक घालून आणलं. आमच्या घरात महत्त्वाच्या सगळ्या कागदांना प्लॅस्टिक असतं, जातीचा दाखला असो की घराचं पत्र. ज्या माणसानं कायदा लिहिला त्याचा फोटो आमच्या भिंतीवर आहे, म्हणून कायदा म्हणजे आपल्या घरचाच, असं मी समजत होतो. कोर्टाची पायरी मात्र कधी पाहिली नव्हती.

त्या पोरीनं घर भरून टाकलं. सकाळी मी तिला शाळेत सोडायचो. माझ्या डाव्या हाताची करंगळी अर्धी आहे, पत्र्याखाली गेली होती. ती नेमकी तीच धरून चालायची, कारण ती तिच्या मुठीला बरोबर बसते म्हणे. संध्याकाळी ती अभ्यासाला बसली की मीही शेजारी पाटी घेऊन बसायचो. तिनं मला जोडाक्षरं शिकवली. माझी अक्षरं बघून म्हणायची, "आबा, तुमचा क्ष लंगडतोय. त्याला काय झालं?"

मी म्हणायचो, "माथाडी होता तो."

पोट धरून हसायची.

वर्षानं कोर्टाची नोटीस आली. सुनेनं मुलीचा ताबा मागितला होता. मुलाचं नाव होतं, त्याखाली माझं. मुलगा घाबरला. मी नाही. कपाटातून कागद काढला, फडक्यानं पुसला आणि म्हणलो, हा असताना कसलं टेन्शन. म्हातारी चुलीवरची भाकरी उलटावी तसं गॅसवर भाकरी उलटत होती. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं.

नोटिशीनंतर तीन आठवड्यांनी एका रविवारी दुपारी मुलगा पिऊन आला आणि परत बाहेर निघाला. मोटरसायकलची किल्ली सापडेना. त्यानं शिव्या दिल्या, गाद्या उलटल्या. किल्ली पोरीनं लपवली होती, तांदळाच्या डब्यात. शाळेत कुणीतरी सांगितलं होतं की दारू पिऊन गाडी चालवली तर माणूस मरतो. सहा वर्षांची पोर. बाप मरू नये म्हणून तिनं किल्ली तांदळात पुरली आणि डब्यासमोर उभी राहिली. त्यानं तिचा उजवा हात धरून पिरगळला. मी अंगणात होतो. आवाज ऐकला. हाडाचा आवाज मला कळतो, यार्डात पुष्कळ ऐकलेत. आत गेलो तोवर म्हातारीनं त्याला ढकलून बाहेर काढलं होतं आणि पोरीला पदरात घेतलं होतं. पोर रडत नव्हती. म्हणत होती, किल्ली देऊ नका.

मनगटाचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं कसं झालं. मी म्हणलो जिन्यावरून पडली. शाळेत तेच सांगितलं, सून धावत आली तिलाही तेच. आणि घरी येऊन पोरीला समोर बसवून म्हणलो, हे कुणाला सांगायचं नाही, शब्द दे. तिनं प्लॅस्टरचा हात माझ्या हातावर ठेवला.

का लपवलं? लोक म्हणतील मुलावरच्या मायेनं. ती होतीच. यार्डातलं माझं नावही होतं. पण खरं कारण वेगळं. हे बाहेर आलं तर पोर आपल्या घरातून जाणार हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि ती जाऊ नये यापलीकडं मला काही दिसत नव्हतं.

त्या दिवसापासून म्हातारी पोरीला घेऊन आतून कडी लावून झोपायला लागली. मुलाशी बोलणं बंद. मला एकदाच बोलली, भांडी घासता घासता, मागं न बघता.

"भिजू नये म्हणून कागदाला प्लॅस्टिक घातलंत. पोरीला काय घालणार?"

मी म्हणलो घरातलं घरात राहू दे. ती म्हणाली, ठेवा.

तारीख मंगळवारची होती. कौटुंबिक न्यायालय ठाण्याला. प्लॅस्टर निघून आठ दिवस झाले होते. मी इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली, पिशवीत कागद घेतला. डोक्यात सिनेमातलं कोर्ट होतं, पिंजरा आणि हातोडा. तिथं पिंजरा नव्हता. एका खोलीच्या भिंतीवर ससे आणि फुलपाखरं रंगवलेली, खाली सतरंजी, खेळण्यांच्या टोपल्या आणि कोपऱ्यात घसरगुंडी. कोर्टात घसरगुंडी असते असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला खुळा म्हणलो असतो. मी दारातच उभा राहिलो. सरकार म्हणजे खिडकी, रांग आणि उद्या या, एवढंच मी जन्मभर पाहिलं होतं. त्या सरकारनं भांडणाऱ्या मोठ्यांच्या घरात लहानांसाठी एक खोली काढून ठेवली होती, आणि खोलीच्या दाराशी चपला काढा अशी पाटी होती. मी काढल्या.

तिथं एक समुपदेशक बाई होत्या, सुती साडीतल्या. त्यांनी मला काका म्हणून हाक मारली आणि बाहेर बसायला सांगितलं. पोरीजवळ त्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या. दार अर्धं उघडं होतं. पोर चित्र काढत होती, आणि डाव्या हातानं काढत होती. बाईंनी ते पाहिलं. मीही पाहिलं की त्यांनी पाहिलं.

मग आम्हाला न्यायाधीशांच्या खोलीत बोलावलं. मी, म्हातारी, मुलगा, सून, दोघांचे वकील. न्यायाधीश बाई होत्या, माझी मुलगी असती तर तेवढ्या वयाच्या. मी पुढं होऊन कागद टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. बाजूच्या कारकुनानं त्यावर नंबर टाकायला पेन टेकवलं, तर शाई प्लॅस्टिकवरून घसरली. त्यानं परत टेकवलं. परत घसरली. तो म्हणाला, "मॅडम, यावर लिहिताच येत नाही."

न्यायाधीश बाईंनी कागद उचलून खालवर सगळा वाचला. मग माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाल्या, "बाबा, हा घराचा कागद असता तर आपण यावर बोललो असतो. मूल असं लिहून देता येत नाही. आईलाही नाही, वडलांनाही नाही."

मी म्हणलो नोटरी आहे, साक्षीदार आहेत. त्या म्हणाल्या की साक्षीदार आहेत, शिक्का आहे, फक्त मुलीला काय हवं, तिचं भलं कशात, याबद्दल एक ओळ नाही. आणि कायद्यानं मला सगळ्यात आधी तेच बघायला सांगितलंय, तुमचे सगळ्यांचे हक्क त्याच्यानंतर. एवढं बोलून त्यांनी कागद बाजूला ठेवला. फाडला नाही, फेकला नाही. नुसता बाजूला ठेवला, चहाचा रिकामा कप ठेवावा तसा. ज्याला मी वर्षभर खात्री समजून कपाटात कुलपात ठेवलं होतं, त्याचं वजन तिथं काहीच भरलं नाही.

मग त्या उठल्या आणि एकट्या त्या सशांच्या खोलीत गेल्या. आम्ही थांबलो. दोन वकील थांबले, कारकून थांबला, बाहेर वीस-पंचवीस माणसं आपापल्या तारखेला थांबली. मी अंदाज केला, अर्धा तास गेला असेल. एवढी मोठी इमारत, एवढी माणसं, गठ्ठ्यांवर गठ्ठे, आणि सगळं काम एका सहा वर्षांच्या पोरीचं बोलणं पुरं व्हायची वाट बघत उभं. चाळीस वर्षांत एवढ्या वजनाची वस्तू एवढ्या हळू उचलताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

बाई परत येऊन बसल्या. मग मला म्हणाल्या, "मी तिला हाताबद्दल विचारलं. ती काय म्हणाली सांगू? म्हणाली, ते मी सांगायचं नाही असं ठरलंय. तुम्ही आबांना विचारा. आबा खोटं बोलत नाहीत."



त्या पोरीनं माझा शब्द मोडला नव्हता. खोटंही बोलली नव्हती. जिन्यावरून पडले म्हणाली असती तर मी सुटलो असतो, बापाचं नाव घेतलं असतं तरी मी सुटलो असतो, शब्द तिनं मोडला असता. यातलं काहीच न करता तिनं ते ओझं उचलून, जिथलं होतं तिथं, माझ्या पुढ्यात आणून ठेवलं. हे तिला कुणी शिकवलं? मी नाही शिकवलं. मी तर उलटं शिकवलं होतं. अजून विचार करतो आणि अजून मला उलगडत नाही. एवढ्याशा छातीत एवढी जागा कुठून येते.

मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, "बाबा, जिन्याचं सांगा."

मी म्हातारीकडं बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. तिला माझ्याकडून काही नको होतं, तिची आशा संपली होती. तेच मला लागलं.

मी टोपी काढली. म्हणलो, "मॅडम, यानं पिरगळला. मी डॉक्टरशी खोटं बोललो, शाळेत खोटं बोललो, पोरीच्या आईशी खोटं बोललो. पोरीला मीच गप्प बसवलं."

सुनेच्या तोंडून आवाज निघाला, रडण्यासारखा नाही, ठेच लागल्यावर निघतो तसा. मुलानं मान खाली घातली. मी पुढं सगळं सांगितलं, किल्लीचं, तांदळाचं, टीव्हीच्या आवाजाचंसुद्धा, जे कुणी विचारलं नव्हतं. सुरू झाल्यावर थांबता येईना.

कारकुनानं ते टाइप करून आणलं आणि सही करा म्हणाला. मी म्हणलो, आधी वाचणार. वकिलानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. बाई म्हणाल्या, वाचू द्या त्यांना. मी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं. मधे 'साक्ष' हा शब्द आला, तिथं अडलो, मग लागला. एका ठिकाणी 'हात दुखावला' असं होतं, मी म्हणलो दुखावला नाही, मोडला. त्यांनी दुरुस्त करून आणलं. मग मी सही केली. आमच्या बैठकीत सुनेला एवढा वेळ कुणी दिला नव्हता, मीही नाही.

त्याच दुपारी हुकूम झाला. पुढचा निकाल लागेपर्यंत मुलगी आईकडं. बापानं भेटायचं ते फक्त इथं, त्या खोलीत, समुपदेशक बाई समोर असताना. दवाखान्याचे कागद मागवले. मला वाटलं आमचं संपलं. तेवढ्यात न्यायाधीश बाईंनी सुनेला विचारलं, आजी-आजोबांना भेटवायला तुमची हरकत आहे का. मी जमिनीकडं बघत होतो. सुनेनं आधी म्हातारीकडं बघितलं. मग म्हणाली, "आजीवर माझा विश्वास आहे. मामांवर नव्हता. आता... चालेल."

सासऱ्याला आमच्यात मामा म्हणतात. वर्षभरात तिनं मला त्या नावानं हाक मारली नव्हती.

बाईंनी मला विचारलं, मुलगा घरात असेल तेव्हा काय कराल. मी म्हणलो, तो घरात असेल तर पोर घरात येणार नाही, आम्ही तिला घेऊन बागेत बसू, ऊन असलं तरी बसू. त्यांनी तसंच लिहून घेतलं. दर रविवारी दहा ते पाच, आणि त्या वेळात मुलीच्या सुरक्षिततेची जबाबदारी आजी-आजोबांची. मी ते दोनदा वाचलं. माझ्या नावावर घर झालंय, रेशनकार्ड झालंय. पण एका लेकराला काही होऊ न देण्याचं काम माझ्या नावावर, राजमुद्रेच्या शिक्क्याखाली, पहिल्यांदाच आलं. मी जे हक्क म्हणून मागायला गेलो होतो ते मिळालं नाही. मिळालं ते त्यापेक्षा भारी होतं आणि ते पेलेल की नाही याची मला भीती वाटली. भीती वाटली असं मी सहसा कबूल करत नाही.

बाहेर मुलगा म्हणाला, आपल्याच माणसाला उघडं पाडलंत. मी त्याला म्हणलो, दारू सोडशील त्या दिवशी खाली जेवायला ये, तोवर वरती राहा. तो निघून गेला. पोर आईच्या कडेवर होती. एवढी मोठी पोर, पण आईनं उचलली होती आणि सोडत नव्हती. आमच्यापाशी आल्यावर पोरीनं विचारलं, "आबा, तुम्हाला विचारलं का?"

मी म्हणलो विचारलं.

"सांगितलंत?"

सांगितलं म्हणलो. तिनं नुसती मान हलवली, काम झालं अशी. घरी येताना म्हातारी माझ्या शेजारी बसली आणि बऱ्याच दिवसांनी विचारलं, भाजी कसली करू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठलो. बुधवार होता. बुधवारी पोरीच्या शाळेत पांढरा ड्रेस लागतो, आणि तो आमच्याकडं दोरीवर राहिला होता. म्हातारी म्हणाली मी इस्त्री करते. मी म्हणलो, सरक. मीच केली, कॉलर दोनदा. मनगटाला चोळायचं तेल घेतलं, डॉक्टरनं दाबायला दिलेला मऊ चेंडू घेतला, पांढरे मोजे घेतले आणि बसनं सानपाड्याला गेलो. सुनेच्या भावाच्या सोसायटीत मी कधी गेलो नव्हतो. गेटवरच्या वॉचमनला पिशवी दिली. तो म्हणाला, वर जा ना काका, तिसराच मजला. मी म्हणलो, आज बुधवार, माझा रविवार आहे. त्याला काही कळलं नाही. त्यानं वर फोन लावला.

सून खाली आली, केस ओले, हातात कंगवा. पिशवीत बघितलं आणि म्हणाली, आता हाच शोधत होते. मग म्हणाली, "मामा, वर चला. चहा घ्या. ती तोंड धुतेय."

मी म्हणलो नको, काल सही केलीय. तेल कोमट करून लावायचं, वरून खाली, आणि चेंडू रोज वीस वेळा दाबायचा, ती पंधरावर थांबते आणि वीस झाले म्हणते, तर मोठ्यानं मोजायला लाव. सून हो म्हणाली. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बसस्टॉपवर जाऊन उभा राहिलो. तीन बस सोडल्या. मग गेटातून ती पांढऱ्या ड्रेसमध्ये बाहेर आली, आईनं तिचा डावा हात धरला होता. मी हाक मारली नाही. दोघी वळणाआड गेल्या, तेव्हा चौथ्या बसला हात केला.